बिनवायसरचं झाकण

चिमटीचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही चटकन आठवत नसे. चिमटी हे नाव पडलं तिच्या आईच्या शेडमध्ये. शहराचा कचरा जिथे रिकामा होतो, तिथे रस्त्याच्या कडेला एक लांबलचक पत्र्याची शेड होती. तिथे आई आणि आणखी दहा-बारा बायका प्लास्टिक निवडत. शाळा सुटली की मुलगी दप्तरासकट तिथेच यायची. निवडलेल्या ढिगात चुकीचा एखादा तुकडा शिरला असेल, तर तो तिला दुरून दिसायचा. दोन बोटांनी अलगद उचलून ती तो बाहेर काढायची. कुठलं प्लास्टिक आहे ते नखाने टिचकी मारून आवाजावरून सांगायची. बायका म्हणायच्या, "ही पोर नाही, चिमटी आहे." झालं, तेच नाव चिकटलं आणि लग्नानंतर तिच्या मागोमाग सासरीही आलं.

सासरचा झाकणांचा कारखाना होता. कारखाना हा शब्द तसा मोठाच. एक लांब खोली, दोन मशीनं, एक छोटं दळणयंत्र, कोपऱ्यात लोखंड कातायचा जुना लेथ आणि खिडकीशी एक टेबल. पातळ साबणाच्या पाच लिटरच्या कॅनना लागणारी हिरवी झाकणं तिथे बनायची. साचे सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने घडवलेले. मशीन चिमटीचा नवरा चालवायचा. त्याला सगळे फिरकी म्हणत, कारण समोरच्याची फिरकी घेतल्याशिवाय त्याचा दिवस मावळत नसे. खिडकीच्या टेबलाशी मावशी बसायच्या. त्या कोणाच्या मावशी होत्या कोण जाणे, पण पंधरा वर्षं त्या एकच काम करत होत्या: प्रत्येक झाकणाच्या आत एक मऊ, पांढरी चकती अंगठ्याने दाबून बसवायची. त्या चकतीला कारखान्यात वायसर म्हणत. वायसर असला की कॅन आडवा पडला तरी थेंब गळत नसे. ही युक्ती तीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी काढली होती आणि त्या युक्तीवरच घर उभं राहिलं होतं.

एकदा चिमटी आईला औषध द्यायला शेडमध्ये गेली. आई भिंतीशी गोणपाटावर बसली होती आणि तिच्या मागे, छपराला टेकेल एवढा, हिरव्या झाकणांचा ढीग होता.

"हे काय गं?"

"तुझ्या सासरची संपत्ती," आई म्हणाली. "दोन वर्षांची आहे. भंगारवाला कॅन नेतो, बाटल्या नेतो, बादल्यांची मोडकी कडी नेतो. याला मात्र हात लावत नाही."

"का?"

"म्हणतो, दोन जातींचं प्लास्टिक एकात आहे. वेगळं करून द्या, नेतो. आता नखाने एकेक चकती कोण उपटत बसणार? आमची नखं काय झाडाला लागलीत?"

चिमटीने एक झाकण उचललं. आत सासऱ्यांची छोटी चांदणीची खूण होती. तिच्या चुलीवरचं अन्न या झाकणांनी शिजत होतं आणि तिच्या आईची बसायची जागा हीच झाकणं खात होती. तिने दोन पोती भरली, टेम्पोवाल्याला थांबवलं आणि पोती घेऊनच घरी आली.

जेवताना तिने विषय काढला. ही झाकणं धुऊ, दळू, नव्या प्लास्टिकच्या दाण्यात मिसळू आणि परत झाकणंच करू. माल आपलाच आहे, आपणच परत घेऊ.

फिरकी म्हणाला, "म्हणजे माहेरून बायका भांडीकुंडी आणतात, ही कचरा घेऊन आली!"

सासरे हसले नाहीत. ताटावरून नजर न काढता म्हणाले, "सूनबाई, दिलेली लेक आणि विकलेला माल परत मागायचा नसतो."

"लेक माहेरी येते की, मामंजी. चार दिवस राहते, ताजी होते आणि पुन्हा जाते."

यावर सासरे पाणी प्यायले आणि एवढंच म्हणाले, "एका पोत्यावर हौस भागवून घे. पण माझ्या मशीनचा घसा बसला तर मला विचारायला येऊ नकोस."

चिमटीने झाकणं धुतली, दळणयंत्रातून चुरा काढला. चुरा पाण्याच्या टाकीत टाकला, कारण जड प्लास्टिक बुडतं आणि हलकं तरंगतं, हे शेडमधलं पहिलं शिक्षण. पण हिरवा चुरा तरंगला आणि वायसरचा पांढरा चुराही त्याच्याच सोबत तरंगला. पांढरं थोडंच दिसत होतं. एवढ्याने काय होतंय, असं तिने स्वतःला समजावलं. अर्धा चुरा, अर्धा नवा दाणा घालून फिरकीने मशीन चालवलं. झाकणं निघाली ती चकचकीत. मावशींनी त्यात नेहमीप्रमाणे वायसर बसवले. सासऱ्यांनी एक झाकण हातात घेऊन दाबून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि ते खाली ठेवलं. पाचशे झाकणं साबणवाल्याकडे गेली.

तिसऱ्या दिवशी साबणवाला दारात उभा. अंगाने भरभक्कम, आवाजही तसाच. त्याने एक भिजलेलं खोकं टेबलावर आपटलं. खोक्याचा तळ निघून आला आणि साबण जमिनीवर पसरला.

"तुमचे आभार मानायला आलोय," तो म्हणाला. "माझ्या गोदामाची फरशी आजवर इतकी स्वच्छ कधी नव्हती! झाकण आवळलं की चिरतंय. शंभरातली तीस. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मी काय फरशी पुसू का?"

"माल माझा आहे, चूक माझी आहे," सासरे म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत नव्या दाण्याची पाचशे झाकणं पोचतील."

"आणि पुन्हा हा उद्योग?"

"पुन्हा नाही."

साबणवाला गेला. चिमटी फडका घेऊन जमीन पुसायला बसली. सासरे तिला रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

पण मन स्वस्थ बसेना. चिरलेली सगळी झाकणं तिने मागून घेतली आणि स्वयंपाकघरात पाटावर ठेवून धारदार सुरीने एकेक कापलं. जिथे चीर गेली होती, तिथे प्रत्येक वेळी तेच दिसलं: कडक हिरव्यात एक मऊसर, फिकट गाठ. तिने गाठ दातांखाली धरली. रबरासारखी लागली. वायसर. वितळला होता, पण मिसळला नव्हता. तेल-पाण्यासारखं एकमेकांशेजारी राहिलं होतं, आणि आवळताना तिथूनच फाटत होतं.

मग काढूनच टाकू, असं तिने ठरवलं. ती शेडमध्ये गेली, आईला आणि दोघींना जमवलं आणि सकाळपासून चौघी वायसर उपटत बसल्या. चकती एवढी घट्ट बसलेली, की नख घालून ओढावी तर नखच दुमडायचं. संध्याकाळी अर्धं पोतं झालं. एकीच्या बोटातून रक्त येत होतं. मागे ढीग जसाच्या तसा, जणू कोणी शिवलंच नव्हतं.

चिमटी म्हणाली, "काढायला काहीतरी सोपी युक्ती सापडली पाहिजे."

आई बोट तोंडात धरून बसली होती. ते काढून म्हणाली, "काढायची युक्ती कसली शोधतेस? तो घालायचाच कशाला?"

चिमटी तिच्याकडे बघतच राहिली. आईने आयुष्यभर दुसऱ्यांनी जोडलेलं वेगळं केलं होतं. हा प्रश्न तिने किती वर्षं पोटात ठेवला असेल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी चिमटीने सासऱ्यांसमोर कागद ठेवला. वायसर नसलेलं झाकण. आत चकतीऐवजी झाकणाच्याच प्लास्टिकची एक पातळ, गोल कड. झाकण फिरवलं की ती कड कॅनच्या गळ्यात शिरून बसेल. सगळं एकाच जातीचं. परत आलं की धुवा आणि दळा, उपटायला काहीच नाही.

सासऱ्यांनी कागद दूर सारला.

"तुला माहीत आहे का, हा वायसर कुठून आला? मी तेव्हा दुसऱ्याकडे कामाला होतो. गळकी झाकणं म्हणून आमच्या मालकाला बाजार हसायचा. मी आठ महिने डोकं फोडलं. वायसर बसवला आणि पहिल्यांदा एक ट्रक कोरडा पोचला. त्या दिवशी मालक उठून उभा राहिला माझ्यासाठी. आणि तू म्हणतेस, तो काढून टाका."

"तुमची चूक झाली असं मी म्हणत नाही, मामंजी. तेव्हा झाकण पोचलं की काम संपत होतं. आता पोचल्यावरही ते कुठेतरी जातंच ना? ते माझ्या आईच्या पाठीमागे जातं."

"कड उभी करायची तर साच्याच्या गाभ्यात, जिथे झाकणाची आतली बाजू घडते, तिथे खाच पाडावी लागेल. पोलाद एकदा कातलं की परत चिकटवता येत नाही. खाच चुकली तर गाभा गेला, आणि नवा घडवायला माझे डोळे राहिलेले नाहीत. नाही म्हणजे नाही."

खिडकीपाशी मावशींचा अंगठा थांबला होता. सासरे बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुझं झालं खरं, तर माझ्या हाताला काय काम गं?"

चिमटीने खोटा धीर दिला नाही. म्हणाली, "अजून माहीत नाही, मावशी. पण तुम्हाला घरी बसवून मी हे करणार नाही."

"बघू," मावशी म्हणाल्या आणि पुढचं झाकण घेतलं.

साच्याला हात लावायची परवानगी नव्हती, पण लेथला कोणी कुलूप घातलं नव्हतं. मशीन बंद झाल्यावर उन्हं असेपर्यंत चिमटी फिरकीला लेथवर उभं करू लागली. वितळवलेल्या चुऱ्याच्या वडीतून तो पातळ कड कातायचा. चिमटी जुन्या झाकणातला वायसर खरवडून काढायची आणि ती कड तापवून आत डकवायची. मग कॅनमध्ये रंगीत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि अंगणातल्या तारेला कॅन उलटा टांगायचा. खाली वर्तमानपत्र. सकाळी कागदावर डाग, की गळलं.

पहिलं गळलं. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवंही गळलं. सहाव्याची कड आत जाताच मोडली. सातवं इतकं घट्ट बसलं की फिरकीला पान्याने उघडावं लागलं. तो म्हणाला, "या साबणाला गिऱ्हाइकाऐवजी पैलवान शोधावा लागेल." तो थट्टा करायचा, पण रोज संध्याकाळी न सांगता लेथवर येऊन उभा राहायचा. चिमटी वहीत लिहायची: जाडी किती, उंची किती, डाग केवढा. दहाव्या झाकणापर्यंत डाग नाण्याएवढा राहिला, पण गेला नाही. अकराव्यालाही तेवढाच. बाराव्यालाही.

सासरे रोज सकाळी दात घासत अंगणातून जात. उलट्या कॅनकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं. तेराव्या सकाळी ते तारेपाशी थांबले. कागदावरचा डाग पाहिला. कॅन काढून झाकण उघडलं, कडेवरून बोट फिरवलं. चिमटी दारातून पाहत होती. ती पुढे आली नाही.

"कड सरळ उभी केलीस," ते आपल्याशीच बोलावं तसे म्हणाले. "सरळ कड गळ्यात जाते आणि गुपचूप बसते. तिला थोडी बाहेर झुकव. मग ती गळ्याला धरून राहील."

"किती झुकवू?"

"किती म्हणजे?... आण ती वही."

चौदाव्या झाकणाची कड त्यांनी स्वतः कातली. दुसऱ्या सकाळी कागद कोरडा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही कोरडा. चिमटीने कॅन टेबलावरून ढकलून जमिनीवर पाडला. कॅनला पोचा पडला, थेंब नाही आला. सासरे आत गेले, चष्मा पुसून आले आणि म्हणाले, "चार घरांचा साचा आहे, एका दमात चार झाकणं काढतो. आधी एकाच घराचा गाभा काढा. बिघडलाच तर तीन राहतील."

गाभा लेथवर चढवला, तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं, तरी फिरकीने एक दिवा आणून धरला. सासऱ्यांना मोजमापाच्या घड्याळाचा काटा नीट दिसत नव्हता, म्हणून ते चिमटीला म्हणाले, "तू काटा वाच. मी हात चालवतो. थांब म्हणालीस की थांबणार, त्यामुळे वेळेवर म्हण."

पोलादाचा बारीक कीस निघू लागला. चिमटी काट्याची एकेक रेघ मोजत होती. "आठ... सात... सहा..." सासऱ्यांचा हात एरवी चहाचा कप उचलताना थरथरायचा, तो चाकावर दगडासारखा स्थिर होता. "तीन... दोन..." मावशी टेबल सोडून मागे येऊन उभ्या होत्या. "एक... थांबा!"

ते थांबले. खाचेतला कीस फुंकला. बोट फिरवलं. मग लेथला टेकून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं, ते कोणी विचारलं नाही. तीस वर्षांची आपली युक्ती आपल्याच हाताने खोडायची, ही काही सोपी गोष्ट नव्हे.

"उरलेले तीन उद्या," ते म्हणाले. "आज मला बसू दे."

साबणवाला या वेळी सहज ऐकणारा नव्हता. "तुमच्या सूनबाईंचं झाकण मी एकदा चाखलंय," म्हणाला. चिमटीने त्याला बोलावून आणलं, नव्या झाकणांचे सहा कॅन खोक्यात आडवे भरले आणि म्हणाली, "काय करायचं ते करा." त्याने खोकं हलवलं, आपटलं. मग इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ खोक्यावर बसला. चहा आला, तो त्याने तिथेच बसून घेतला. दुसरा कपही घेतला. उठला तेव्हा खोकं चपटं झालं होतं आणि तळ कोरडा होता.

"बरं, पण याचा रंग असा शेवाळी का?"

"कारण यात चारातले तीन हिस्से जुनी झाकणं आहेत. वायसर हाताने काढलेली. रंग यापुढे हाच राहील. आणि माझं आणखी एक म्हणणं आहे," चिमटी म्हणाली. "तुमच्या प्रत्येक दुकानात एक पिंप ठेवायचं. रिकामा कॅन परत आला की झाकण पिंपात. तुमचा टेम्पो परत येताना रिकामाच येतो ना?"

साबणवाल्याने सासऱ्यांकडे पाहिलं. "ही विचारते आहे की सांगते आहे?"

"आमच्याकडे आता तीच सांगते," सासरे म्हणाले.

पिंपं लागली. पहिल्या महिन्यात त्यात झाकणांपेक्षा कागदाचे कपच जास्त आले. चिमटीने पिंपांना झाकण बसवलं आणि त्या झाकणाला फक्त एक झाकण जाईल एवढंच भोक पाडलं. मग झाकणं येऊ लागली. आईच्या मागचा जुना ढीग मात्र वायसरवालाच होता. त्याला दुसरा इलाज नव्हता. ते काम मावशींनी मागून घेतलं. लोहाराकडून त्यांनी आकड्यासारखं वाकडं पातं घडवून आणलं, झाकण लाकडी ठोकळ्यात बसवलं आणि एका हिसक्यात चकती बाहेर. "घातलेत मीच, काढीनही मीच," त्या म्हणाल्या. शेडमधल्या दोघी त्यांच्या हाताखाली आल्या. ढीग संपायला दोन वर्षं लागतील, असा मावशींचा हिशेब होता. त्यापुढचं त्यापुढे, येणारा माल तपासायला नजर लागणारच होती.

वर्षभराने चिमटी शेडमध्ये गेली तेव्हा भिंत दिसत होती. पण तिच्या पायथ्याशी नवी झाकणं साचू लागली होती. निळी. आत तशीच पांढरी चकती. ती नदीपलीकडच्या कारखान्याची होती, सासऱ्यांच्या जुन्या स्पर्धकाची. त्याने वायसरची युक्ती फार पूर्वी सासऱ्यांचीच उचलली होती, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांच्या दारावरून जात नसत.

चिमटीने निळं झाकण घरी आणून सासऱ्यांसमोर ठेवलं. "आपल्या एकट्याच्या झाकणाने ढीग संपणार नाही, मामंजी. कडेचं चित्र त्यांना देऊ या."

"फुकट?"

"फुकट."

फिरकीलाही या वेळी थट्टा सुचली नाही. सासरे बराच वेळ निळं झाकण बोटांत फिरवत बसले. "खूण मात्र त्याने स्वतःची घातली आहे," ते पुटपुटले. मग उठले, कपाटातून आकृतीचा कागद काढला, त्याची नीट गुंडाळी केली आणि म्हणाले, "चल. पण बोलायचं तू. त्या माणसाशी बोलताना माझा आवाज चढतो."

ते दोघं पूल ओलांडून गेले. स्पर्धक म्हातारा आपल्या दारातच खुर्ची टाकून बसला होता. सासऱ्यांना पाहून तो अर्धवट उठला, पुन्हा बसला.

"इकडे कुठे? यात काय डाव आहे?"

"डाव नाही," सासरे म्हणाले आणि चिमटीला पुढे केलं.

चिमटीने त्याच्या टेबलावर एक निळं आणि एक शेवाळी झाकण शेजारी शेजारी ठेवलं. कागद उलगडला, त्याच्या कोपऱ्यांवर तिथलेच दोन नट ठेवले.

"एक सुरी मिळेल का, काका?" ती म्हणाली. "दोन्ही कापून दाखवते."